बंदुकीपासून बियाण्यापर्यंत : डॉ. पांडुरंग खानखोजे

हीरक महोत्सवी स्मरणिकेत एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र असावे, असे संपादक मंडळाने ठरविले आणि ते लिहिण्याचे काम माझ्याकडे सोपविले. नावे अनेक डोळ्यांसमोर आली. त्यातून डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांची निवड करताना दोन गोष्टी मनात होत्या. पहिली अशी की, महाराष्ट्राबाहेर राहून मराठी शाळा उभी करणाऱ्या व तिला साठ वर्षे सांभाळणाऱ्या आपल्या समाजाला परमुलखात मुळे रोवणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही. खानखोजे यांचे निम्म्याहून अधिक आयुष्य परमुलखात गेले. दुसरी गोष्ट थोडी बोचरी आहे. पाल्याने पुढे काय व्हावे, असे विचारले असता गेल्या कित्येक वर्षांत शेती हा शब्द एकाही पालकाच्या तोंडून माझ्या ऐकण्यात आलेला नाही. ज्या माणसाने प्रथम सैनिकी शिक्षण घेतले, प्रत्यक्ष रणांगण पाहिले आणि त्यानंतर आयुष्यभर गव्हाच्या लोंब्या व मक्याची कणसे हाताळली, त्याचे चरित्र आपल्या घरांत वाचले जावे, असे म्हणूनच वाटले.

खानखोजे यांचा जन्म १८८०च्या दशकात वर्ध्याचा. प्राथमिक शिक्षण तेथेच झाले आणि पुढील शिक्षणासाठी ते नागपुरास आले. त्या काळचा मध्य प्रांत डोळ्यांपुढे आणल्याशिवाय या मुलाची जडणघडण समजणार नाही. वऱ्हाड आणि वर्ध्याच्या काळ्या मातीतला कापूस आगगाडीने मुंबईस व तेथून बोटीने इंग्लंडच्या गिरण्यांत जात होता. आणि त्याच प्रांताने १८९६-९७ व १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ लागोपाठ सोसले. उत्तम जमीन, कष्टाळू शेतकरी आणि तरीही उपासमार, हे विपरीत दृश्य त्यांच्या शालेय वयातले. त्यांच्या पुढील आयुष्यातील दोन्ही ध्यासांचे, स्वातंत्र्याचे आणि शेतीचे, बीज येथेच पडले असे मानण्यास जागा आहे.

नागपुरात लोकमान्य टिळकांच्या विचारांनी भारलेल्या तरुणांत ते सामील झाले. फ्रान्सच्या राज्यक्रांतीचा इतिहास, आर्य समाजाची शिकवण आणि सशस्त्र उठावाच्या कल्पना यांनी त्या पिढीला झपाटले होते. घरच्यांच्या मनात अर्थातच वेगळे होते : शिक्षण, नोकरी, लग्न आणि संसार. खानखोजे यांनी तो मार्ग नाकारला. देश सोडण्यापूर्वी त्यांनी टिळकांची भेट घेतली. रशियाला हरविणाऱ्या जपानचा त्या वेळी साऱ्या आशिया खंडात बोलबाला होता. सैनिकी विद्या शिकायची तर ती तेथे, असा सल्ला टिळकांनी दिला. हाती पैसा नाही, ओळखीपाळखी नाहीत, अशा स्थितीत वर्ध्याचा हा तरुण समुद्रापार गेला.

जपानमध्ये काही काळ काढून, तेथे आश्रयास आलेल्या चिनी क्रांतिकारकांचा सहवास घेऊन, ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचले. तेथे त्यांनी कृषिविद्येच्या अभ्यासासाठी नाव घातले. परंतु ज्या कारणासाठी घर सोडले ते विसरले गेले नव्हते. थोड्याच दिवसांत त्यांनी कॅलिफोर्नियातील माउंट तमलपाइस या सैनिकी विद्यालयात प्रवेश मिळविला आणि तेथील शिक्षण पुरे केले. त्यानंतर पुन्हा कृषी महाविद्यालयाची वाट धरली व ऑरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांत शेतीशास्त्राचा अभ्यास केला. एका हाती बंदूक आणि दुसऱ्या हाती बियाण्याची पिशवी, असे हे दुहेरी शिक्षण एकाच माणसाने सहज स्वीकारलेले पाहून आज नवल वाटते. त्यांना त्यात विसंगती दिसली नाही. राज्य परक्यांचे असेल तर ते घालवावे लागेल, आणि ते गेल्यावर लोकांना पोटभर अन्न द्यावे लागेल, असा हा साधा हिशेब होता.

त्याच किनाऱ्यावर लाकूड कापण्याच्या गिरण्यांत, फळबागांत आणि रेल्वेच्या कामावर हजारो हिंदी मजूर राबत होते. त्यांतील बहुसंख्य पंजाबचे शेतकरी, आणि कित्येक इंग्रजांच्या फौजेतून निवृत्त झालेले शिपाई. साम्राज्यासाठी लढलेल्या या माणसांना परदेशात मात्र अपमान आणि मारहाण सोसावी लागे. पंडित काशीराम यांच्यासारख्या सहकाऱ्यांसह खानखोजे यांनी या मजुरांत संघटनेचे काम सुरू केले. पुढे लाला हरदयाळ आले, सोहनसिंग भकना अध्यक्ष झाले आणि १९१३ मध्ये गदर पक्षाची उभारणी झाली. १ नोव्हेंबर १९१३ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथून ‘गदर’ पत्राचा पहिला अंक निघाला. लेखन आणि प्रचार ही पक्षाची एक बाजू, तर प्रत्यक्ष लढ्याची तयारी ही दुसरी. सैनिकी शिक्षण घेतलेल्या खानखोजे यांच्याकडे ही दुसरी बाजू आली. तळेगाव ढमढेरे येथील विष्णू गणेश पिंगळे आणि अवघ्या अठरा वर्षांचा कर्तारसिंग सराभा हे त्यांचे सहकारी.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटले आणि गदरच्या सैनिकांनी मायदेशाची वाट धरली. पिंगळे आणि सराभा समुद्रमार्गे हिंदुस्थानात पोहोचले. फेब्रुवारी १९१५ मध्ये छावण्यांतून एकाच वेळी उठाव करण्याचा बेत फितुरीने फसला. पिंगळे मीरतच्या छावणीत पकडले गेले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात त्यांना व सराभाला फाशी देण्यात आले. काशीराम यांनाही त्याच वर्षी फाशी झाली. खानखोजे वाचले, याचे कारण त्यांची वाट वेगळी होती. तुर्कस्तानातून इराण आणि इराणातून बलुचिस्तानची सरहद्द गाठायची, असा त्यांच्या तुकडीचा बेत होता. प्रमथनाथ दत्त आणि आगाशे हे त्यांचे सोबती मुसलमानी नावे धारण करून या प्रवासात सहभागी झाले.

इराणातील ही चार वर्षे म्हणजे त्यांच्या आयुष्यातील खरे युद्ध. इराण नावाला तटस्थ होता. प्रत्यक्षात उत्तरेस रशियाच्या आणि दक्षिणेस इंग्रजांच्या फौजा तेथे वावरत होत्या. जर्मन हस्तक वासमुस आणि शिराझमधील जुने क्रांतिकारक सूफी अंबाप्रसाद यांच्या साहाय्याने, डोंगराळ भागातील लढाऊ टोळ्यांना बरोबर घेऊन, खानखोजे यांनी इंग्रजांच्या तुकड्यांशी सामना दिला. कधी वाळवंट, कधी बर्फाळ खिंडी, पाण्याचा दुष्काळ आणि औषधांचा अभाव. ते जखमी झाले, कैद झाले आणि कैदेतून निसटले. वेष पालटून, स्थानिकांची भाषा बोलत ते पुन्हा टोळ्यांना जाऊन मिळाले. १९१८ मध्ये जर्मनी व तुर्कस्तान यांचा पराभव झाला आणि त्याबरोबर या लढ्याचा आधारच नाहीसा झाला. अंबाप्रसाद गेले, पिंगळे गेले, काशीराम गेले. उरलेल्या सैनिकाला कोणत्याही सरकारचे पदक मिळण्याचा प्रश्न नव्हता, कारण ज्या देशासाठी तो लढला त्या देशाचे सरकार अजून जन्मालाच आले नव्हते. ब्रिटिशांच्या दप्तरी मात्र त्यांचे नाव पक्के नोंदले गेले.

यानंतरची काही वर्षे बर्लिनमध्ये गेली. १९२१ मध्ये वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, भूपेंद्रनाथ दत्त आदी सहकाऱ्यांसह ते मॉस्कोलाही जाऊन आले. क्रांतीनंतरच्या रशियाकडून हिंदुस्थानच्या लढ्यास मदत मिळावी, ही अपेक्षा होती. ती फलद्रूप झाली नाही. चाळिशी जवळ आलेली, हाती धड उत्पन्न नाही, मायदेशाची दारे बंद आणि सोबत्यांपैकी निम्मे फासावर गेलेले, अशा वळणावर त्यांना आपल्या दुसऱ्या विद्येची आठवण झाली. १९२४ मध्ये ते मेक्सिकोस पोहोचले.

मेक्सिकोची निवड विचारपूर्वक होती. १९१० मध्ये तेथे क्रांतीचा भडका उडाला होता आणि तिचे मूळ जमिनीच्या प्रश्नात होते. मूठभर जमीनदारांच्या हाती अफाट जमीन आणि ती कसणारा मात्र भूमिहीन, ही स्थिती बदलण्यासाठी एमिलियानो सपाटासारखे शेतकरी पुढारी लढले व मारले गेले. १९१७च्या संविधानाने जमीन गावांना परत देण्याचे तत्त्व मान्य केले. आता प्रश्न असा होता की, जमीन हाती आलेल्या शेतकऱ्याजवळ चांगले बियाणे, अवजारे आणि ज्ञान कोठून यावे? मेक्सिको सिटीजवळ चापिंगो येथे एका जुन्या जहागिरीच्या वाड्यात राष्ट्रीय कृषी विद्यालय नुकतेच हलविण्यात आले होते. माणसाचे शोषण न करता जमिनीकडून उत्पन्न कसे घ्यावे हे शिकविणे, हा त्या संस्थेचा आदर्श. या विद्यालयात खानखोजे प्राध्यापक झाले आणि स्पॅनिश भाषेतून शिकवू लागले.

मेक्सिको ही मक्याची जन्मभूमी. तेथे मक्याचा एक रानटी नातलग आढळतो, त्याचे नाव तिओसिंते. त्याचे कणीस बोटभर आणि बारीक, दाणे मोजके आणि कठीण कवचाचे. पाहणाऱ्यास मक्याशी त्याचे नाते सांगूनही पटू नये. परंतु हे झाड काटक असते, त्याला फुटवे पुष्कळ येतात आणि प्रतिकूल हवामानात ते तग धरते. खानखोजे यांनी तिओसिंते आणि मका यांच्या संकराचे प्रयोग केले. मक्याच्या झाडात नरफुले शेंड्याच्या तुऱ्यात व मादीफुले खाली कणसात असतात, आणि कणसातून बाहेर लोंबणारा प्रत्येक रेशमी धागा एका दाण्यापर्यंत गेलेला असतो. वाऱ्याने कोणताही पराग कोणत्याही धाग्यावर येऊन पडू नये म्हणून कणसे झाकून ठेवायची, निवडलेल्या झाडाचा पराग हाताने घालायचा, दाणे पेरायचे, वाढ पाहायची, नोंद करायची आणि पुढल्या हंगामाची वाट पाहायची, असे हे काम. एका वर्षात एक पाऊल पडते आणि ते चुकले तर वर्ष वाया जाते. वाळवंटात घोडदौड केलेल्या माणसाने हा धीर कोठून आणला असेल, हे ज्याचे त्याने ठरवावे.

मक्याबरोबर गव्हाचेही काम होते. मेक्सिकोतील गव्हावर तांबेरा रोगाचे मोठे संकट असे. पानांवर व काडीवर तांबूस पूड दिसू लागली की ती वाऱ्याबरोबर शेतामागून शेत व्यापते आणि दाणा पोचट राहतो. रोगाला बळी न पडणारे, कमी पाण्यावर येणारे वाण निवडून व संकरातून तयार करण्याचा प्रयत्न खानखोजे यांनी केला. त्यांच्या संशोधनाची माहिती पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध झाली आणि मेक्सिकोतील कृषिक्षेत्रात त्यांना मानाचे स्थान मिळाले.

तथापि त्यांच्या कार्याचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग प्रयोगशाळेबाहेरचा आहे. विद्यालयातील ज्ञान विद्यालयातच राहिले तर ज्याच्या घामावर ते उभे आहे त्याला त्याचा उपयोग काय, या विचाराने त्यांनी मित्रांच्या मदतीने शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा सुरू केल्या. विख्यात चित्रकार दिएगो रिवेरा या कामात त्यांच्या पाठीशी होते. छायाचित्रकार तिना मोदोत्ती यांनी खानखोजे, त्यांची मक्याची कणसे आणि त्या शाळा यांची छायाचित्रे टिपली. रिवेरा यांनी मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतींवर जी भव्य चित्रमालिका रंगविली, तिच्यातील एका चित्रात भोजनाच्या मेजाच्या अग्रस्थानी बसून भाकरी मोडणारी व्यक्ती खानखोजे यांची मानली जाते. वर्ध्याचा एक मुलगा परदेशाच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर अन्नदात्याच्या रूपात चितारला जावा, ही घटना शिक्षणक्षेत्रातील आम्हा सर्वांना अंतर्मुख करणारी आहे.

१९३६ मध्ये त्यांनी बेल्जियमच्या जान सिंदिक यांच्याशी विवाह केला. त्यांना दोन मुली झाल्या. घर मेक्सिकोत, पत्नी बेल्जियमची, तरी थोरल्या मुलीचे नाव सावित्री आणि धाकटीचे माया. परक्या मुलखात वाढणाऱ्या मुलांची नावे ठेवताना आईवडील काय जपू पाहतात, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहे.

१९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला. ज्या दिवसासाठी घर सोडले तो दिवस उगवला तेव्हा खानखोजे साठीच्या घरात होते. परतीचा मार्ग मोकळा झाला असे कोणासही वाटेल. परंतु ब्रिटिशांनी केलेल्या काळ्या यादीतून त्यांचे नाव अद्याप वगळले गेलेले नव्हते. राज्यकर्ते बदलले, कागद बदलले नाहीत. स्वातंत्र्यासाठी लढलेल्या सैनिकाला स्वतंत्र भारताच्या दारात अडथळा सोसावा लागला. यात कोणा एका व्यक्तीचा दुष्टावा नव्हता, आणि म्हणूनच ही गोष्ट अधिक क्लेशदायक वाटते. एवढ्या मोठ्या देशात जुनी फाईल उघडून पाहण्याची तसदी वेळेवर कोणी घेतली नाही, इतकेच. तो अडसर दूर झाल्यावर ते आले, तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारला शेतीविषयक सल्ला दिला आणि १९५०च्या दशकाच्या मध्यास कुटुंबासह नागपुरास कायमचे स्थायिक झाले. मेक्सिकोत मानाचे पान सोडून आलेल्या या वृद्धाला मायदेशात मात्र ओळख पटवून द्यावी लागत होती. जानेवारी १९६७ मध्ये नागपुरात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या अखेरच्या काळातील एक योगायोग येथे नोंदविला पाहिजे. १९६५ आणि १९६६ या दोन वर्षी भारतात पाऊस रुसला होता आणि परदेशी धान्याच्या जहाजांकडे डोळे लावून बसण्याची पाळी देशावर आली होती. ज्येष्ठ वाचकांना शिधापत्रिकेवरचा तो तांबडा गहू आठवत असेल. १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोतून सुमारे १८,००० टन गव्हाचे बियाणे आणले आणि हरितक्रांतीस वेग आला. हे बुटके, भरघोस उत्पन्न देणारे वाण डॉ. नॉर्मन बोरलॉग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ नंतरच्या काळात मेक्सिकोत सिद्ध केले होते. त्याचे श्रेय खानखोजे यांना देणे सत्यास धरून होणार नाही, आणि त्यांच्या चरित्राला अशा उसन्या अलंकाराची गरजही नाही. परंतु मेक्सिकोच्या मातीत गहू सुधारण्यासाठी बोरलॉग यांच्याआधी दोन दशके एक भारतीय झटत होता, आणि तेथील बियाणे भारतात उतरले तेव्हा तो नागपुरात हयात होता, ही वस्तुस्थिती मात्र निर्विवाद आहे. त्याच्याकडे किती जणांचे लक्ष गेले असेल?

सन्मान पुढे आले, पण सावकाश. कन्या सावित्री साहनी यांनी वडिलांचे इंग्रजी चरित्र लिहिले, ते २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. मराठीत वीणा गवाणकर यांनी त्यांचे चरित्र लिहिले. सप्टेंबर २०२२ मध्ये चापिंगोच्या विद्यापीठात लोकसभेच्या अध्यक्षांच्या हस्ते खानखोजे यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. त्यांच्या मृत्यूला तेव्हा पंचावन्न वर्षे उलटली होती.

पुतळे उभारावेत, त्यात गैर काही नाही. तथापि शाळेचे काम पुतळ्याच्या आधीचे आहे. आपल्या माजी विद्यार्थ्यांत सैन्यदलातून निवृत्त झालेले आहेत, शेती करणारे आहेत, बी-बियाण्यांच्या व सिंचनाच्या व्यवसायात आयुष्य घालविलेले आहेत. त्यांपैकी अनेकांनी सत्तरी ओलांडली आहे. आपण काही विशेष केले असे त्यांना स्वतःला वाटत नाही, म्हणून ते समारंभाच्या दिवशी मागच्या रांगेत बसतात. हीरक महोत्सवी वर्षात त्यांना पुढे बोलवावे, शाल-श्रीफळाबरोबर त्यांच्या हाती खडूही द्यावा आणि एखादी तासिका त्यांच्याकडे सोपवावी, असे शाळेने ठरविले आहे. ज्या वाचकांच्या घरी असे वडीलधारे असतील त्यांनी त्यांची नावे कार्यालयात अवश्य कळवावीत. स्वतःहून ती कळविणार नाहीत, हे गृहीत धरले आहे.

आणखी एक. शाळेच्या मागील अंगणात, पाण्याच्या टाकीशेजारी, जी मोकळी जागा आहे तेथे या पावसाळ्यात मक्याचे दोन वाफे करण्याचा मानस आहे. आठवीच्या मुलांनी तुरा कोणता, कणसाचे केस कोणते हे पुस्तकातील आकृतीऐवजी झाडावर पाहावे, कणीस कागदी पिशवीने झाकावे, पराग हाताने घालावा आणि दाणे भरले की मोजावेत. त्यासाठी चांगले बियाणे आणि शेतीची जाण असलेली दोन माणसे हवी आहेत. मातीने माखलेले गणवेश धुण्याची तयारी पालकांनी ठेवावी, ही त्यांना नम्र विनंती.